फळ, फाळ आणि कुट्टू

एकादशीला अन्न वर्ज्य असते असे म्हणताना ‘अन्न’ या शब्दाने नेमके काय वर्ज्य होते, हा प्रश्न धर्मनिबंधकारांनी, म्हणजे व्रतवैकल्यांचे नियम एकत्र करून त्यांचा निर्णय देणाऱ्या पंडितांनी, फार बारकाईने हाताळला आहे आणि रोजच्या व्यवहाराने तो तितक्याच बिनधास्तपणे परस्पर निकालात काढला आहे. जयपूरच्या आग्नेयेला पसरलेल्या जगतपुरा या उपनगरात हा निकाल कुट्टूच्या पिठाच्या रूपाने पाहायला मिळतो. कणीक, तांदूळ, डाळी आणि बेसन ज्या दिवशी घरात चालत नाहीत, त्या दिवशी या करड्या, मधूनच टरफलाचे काळे कण दिसणाऱ्या पिठाच्या पुऱ्या आणि पकोड्या तळल्या जातात, आणि त्या खाणाऱ्याचा उपवास मोडला असे कोणी मानत नाही, कारण कुट्टू हे ‘अनाज’ नव्हे, तो फलाहार आहे, अशी उत्तर भारतातील सर्वसाधारण समजूत आहे. मराठी स्वयंपाकघरात कुट्टू फारसा रुळलेला नाही, त्यामुळे जयपुरात राहायला गेलेल्या मराठी घरात पहिल्या नवरात्रात ‘हे उपासाला चालतं का?’ असे विचारले जाणे साहजिक आहे. मात्र याच दाण्याविषयी हाच प्रश्न जपानच्या डोंगरांतील तपस्व्यांनाही पडला होता आणि त्यांनीही त्याचे उत्तर ‘चालते’ असेच दिले होते, ही गोष्ट कुट्टूच्या निमित्ताने अन्नाच्या व्याख्येकडे नव्याने पाहायला लावणारी आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कुट्टू गहू-तांदळाच्या, म्हणजे गवताच्या कुळातला नाही. आपल्याकडे भाजीच्या बाजारात मिळणारा आंबट चुका ज्या कुळातला आहे त्याच कुळातले हे तांबूस देठाचे, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे रोप असून त्याला तिकोनी, टोकदार दाणे लागतात. हिमालयाच्या पट्ट्यात त्याला ओगल, फाफर, फापर अशी नावे आहेत आणि हलक्या जमिनीत, थंड हवेत, अडीच-तीन महिन्यांत ते पिकून तयार होते. त्याच्या जंगली पूर्वजाचा शोध जपानी संशोधक ओमी ओनिशी यांनी चीनच्या युन्नान प्रांतात लावला आणि युन्नान, सिचुआन व पूर्व तिबेट यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात तो नद्यांचा खोल प्रदेश हे या पिकाचे माहेर असावे, असे मत त्यातून पुढे आले. गवत नाही म्हणून धान्य नाही, आणि दाणा हे शास्त्रीय अर्थाने फळच आहे म्हणून तो फलाहार, असा युक्तिवाद यावर अनेकदा केला जातो. पण तो फार पुढे जात नाही, कारण त्याच शास्त्रीय अर्थाने गव्हाचा आणि भाताचा दाणा हेही फळच ठरते. उलट महाराष्ट्रात उपवासाला बिनदिक्कत चालणारी वरी, जिला भगर किंवा वरीचे तांदूळ म्हणतात आणि राजस्थानात जिच्यासारख्या दाण्याला मोरधन म्हणतात, ती मात्र अस्सल गवताच्या कुळातली आहे. त्यातच केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये राजपत्रात ‘पोषक धान्यां’ची जी यादी दिली, तिच्यात ज्वारी-बाजरी-नाचणीच्या जोडीने कुट्टू आणि राजगिरा यांचीही नावे घातली, आणि पुढे २०२३ मध्ये भरड धान्यांना ‘श्रीअन्न’ असे नाव दिले. सरकारदरबारी जे धान्य झाले ते देवघरात धान्य नाही, हा विरोध कोणाच्या ध्यानात आला नाही किंवा आला तरी कोणाला खटकला नाही. आणि तो खटकला नाही यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

‘अन्न’ हा शब्द ‘अद्’, म्हणजे खाणे, या धातूपासून आलेला आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदात भृगूला जे पहिले ब्रह्म कळते ते अन्नच असल्याने, मुळात खाल्ले जाणारे सारेच अन्न होय. व्रतशास्त्राने हा विस्तीर्ण अर्थ आकसून घेतला. पद्मपुराणाच्या क्रियायोगसार या भागात अशी कथा येते की पापांचा मूर्तिमंत पुरुष एकादशीच्या भयाने पळत सुटला आणि त्याला त्या तिथीपुरता आसरा मिळाला तो धान्यात. म्हणून त्या दिवशी धान्य खाणारा पाप खातो. कथा उघडच बोधपर आहे, परंतु तिच्यातली कल्पना अशी की दोष खाण्यात नसून एका विशिष्ट प्रकारच्या दाण्यात, आणि तोही एका विशिष्ट दिवशीच, राहायला येतो. मात्र तो दाणा कोणता, हे कथा सांगत नाही.

ते सांगण्याचे काम निबंधकारांकडे आले, आणि या कामात मराठी पंडितांचा वाटा मोठा आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा, तर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा; महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात, १९५८ साली, या साऱ्या व्रतविचाराचा आढावा घेताना एकादशीला पुष्कळ पाने दिली. या परंपरेत वायुपुराणाच्या नावावर सांगितली जाणारी एक उतरंड, किंवा खरे तर चढण, फार बोलकी आहे. ज्याला निराहार राहवत नाही त्याने रात्री एकदा जेवावे, किंवा हविष्यान्न, म्हणजे यज्ञात हवन करण्यास योग्य मानलेले धान्य, खावे, किंवा अनोदन, म्हणजे भाताखेरीज दुसरे काही, खावे, किंवा फळे, तीळ, दूध, पाणी, तूप, पंचगव्य आणि शेवटी केवळ वारा यांवर राहावे, आणि यांतले प्रत्येक नंतरचे आधीच्यापेक्षा श्रेष्ठ समजावे, असा तिचा आशय आहे. यात ‘अनोदन’ ही जी पायरी आहे ती नीट पाहिली पाहिजे. ओदन म्हणजे शिजवलेला भात. ज्या समाजात जेवणे म्हणजे भात खाणे, त्या समाजात अन्न सोडणे म्हणजे आधी भात सोडणे असाच अर्थ होतो. या चढणीवर कुट्टूच्या पुरीला प्रामाणिकपणे जागा द्यायची तर ती फळाच्या पायरीवर मिळणार नाही, तिच्या एक पायरी खाली, अनोदनाच्या पायरीवर मिळेल. लोकव्यवहाराने तिला गुपचूप एक पायरी वर चढवून ठेवले आहे, इतकेच.

मराठीत हा चढ-उतार एका शब्दातच नोंदला गेला आहे. ‘फलाहार’ या शब्दापासून ‘फराळ’ झाला, आणि आज तो शब्द एकीकडे साबुदाण्याच्या खिचडीला, तर दुसरीकडे दिवाळीतल्या चकली-करंजीला, म्हणजे भाजणीच्या आणि मैद्याच्या पदार्थांना, सारखाच लागू पडतो. उपवासाच्या ताटातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली, म्हणजे निर्णयसिंधूच्या विषयपत्रिकेवर कधी न आलेली आहेत, आणि नेमकी तीच निर्वेधपणे चालतात. काही घरांत जिरे चालते, कोथिंबीर चालत नाही. शेजारच्या घरात उलट. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या भाषेने घडवली, त्या भाषेला आपल्या सवलतींची पुरती कल्पना आहे.

तथापि याच महाराष्ट्रात अन्नाची एक अगदी वेगळी आणि जास्त खोल व्याख्या टिकून राहिली आहे, ती ऋषिपंचमीच्या व्रतात. भाद्रपद शुद्ध पंचमीला हे व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. परड्यात हाताने लावलेल्या भाज्यांची मिसळून केलेली ऋषीची भाजी आणि कोकणात न नांगरलेल्या पाणथळ जागी आपोआप उगवणारा देवभात, हेच त्या दिवशीचे जेवण. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीत पिकलेले खाण्याची मनाई आहे, आणि तिथे नांगराच्या लोखंडी टोकाला जो ‘फाल’ शब्द आहे तोच मराठीतला ‘फाळ’ होय. वर्ज्य आणि ग्राह्य यांची सीमा इथे दाण्याच्या जातीवरून आखलेली नाही, तो दाणा जमिनीतून कसा काढला यावरून आखलेली आहे. देवभात हा भातच असतो, तरी तो चालतो; साधा तांदूळ चालत नाही, कारण त्याच्यामागे बैल, जू, बांध, सारा आणि कोठार उभे असते. फाळाने उकरलेल्या जमिनीतून जे येते ते सोडावे आणि फळासारखे जे आपसूक मिळते ते घ्यावे, असा हा विचार असून, एकादशीचा नियम त्याचाच दूरचा, पुसट झालेला भाऊबंद असावा असे मानायला जागा आहे.

मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र रचणाऱ्यांना, एका शब्दाने नेमका कोणता दाणा समजायचा, ही अडचण फार पूर्वी भेटली होती. जैमिनीच्या सूत्रांवरील चर्चेत ‘यव’ या शब्दाचा अर्थ जव की प्रियंगू, म्हणजे एक राळ्यासारखे धान्य, असा वाद येतो, कारण दोन्ही अर्थ लोकांत प्रचलित होते. आणि निर्णय असा दिला जातो की ज्या वाक्यात शब्द आला त्याच्याच पुढच्या भागात, इतर वनस्पती सुकतात तेव्हा हे पीक डोलत असते असे जे वर्णन आहे, ते ज्याला लागू पडेल तोच अर्थ घ्यावा. अर्थ ठरवण्याची ही रीत दाणा हातात घेऊन तपासणाऱ्याची नाही, तो दाणा कोणत्या जीवनक्रमात कोणत्या जागी आहे हे पाहणाऱ्याची आहे. तीच रीत एकादशीच्या अन्नाला लावली तर ‘ज्याच्यावर घर रोज उभे असते ते’ असा त्याचा अर्थ निघतो, आणि मग कुट्टू का सुटला याचे उत्तर वनस्पतिशास्त्राकडे मागावे लागत नाही. सखल प्रदेशातल्या गृहस्थाचे घर कुट्टूवर कधीच उभे नव्हते. ते पहाडातल्या, उशिरा पेरून लवकर काढायच्या, गरिबांच्या शेतातले पीक होते. अन्नाच्या राज्यात त्याची वस्ती वेशीबाहेर होती, म्हणून वेशीच्या आतल्या गोष्टी एक दिवस सोडणाऱ्याला तो मिळाला.

जयपूर हे या चर्चेचे स्थान होणे योगायोगापेक्षा थोडे अधिक आहे. सवाई जयसिंहाच्या काळात वृंदावनाहून आलेले गोविंददेव, म्हणजे कृष्णाची मूर्ती, इथे स्थिरावले, आणि चैतन्यांच्या गौडीय संप्रदायाच्या अधिकाराविषयी वाद उपस्थित झाला तेव्हा शहराच्या पूर्वेकडील डोंगरातल्या गलता येथे बलदेव विद्याभूषणांनी संप्रदायाची बाजू मांडली आणि ब्रह्मसूत्रांवर गोविंदभाष्य लिहिले, असे परंपरा सांगते. सोळाव्या शतकातल्या ‘हरिभक्तिविलास’ या आचारग्रंथात एकादशीची विस्तृत चर्चा करणारा हा संप्रदाय अन्नवर्जनाबाबत कडक म्हणूनच ओळखला जातो. जगतपुऱ्यात आज त्याच परंपरेतले हरे कृष्ण मंदिर आहे, आणि त्याच्याशी जोडलेले, सरकारी शाळांना मध्यान्ह भोजन पुरवणारे अक्षयपात्रचे मोठे स्वयंपाकघरही. शास्त्रवचन आठ ते ऐंशी वर्षांच्या प्रत्येकाला एकादशी सांगते, तेव्हा सहावी-सातवीतली मुले काटेकोरपणे पाहता तिच्या कक्षेत येतात. पण शाळेच्या पोळी-डाळीच्या आड तिथी येत नाही, आणि ती येऊ नये हेच शहाणपणाचे आहे.

आता जपानकडे वळता येईल. तिथे कुट्टूचे अधिकृत दर्शन घडते ते इतिवृत्तात नोंदलेल्या ७२२ सालच्या सम्राज्ञी गेन्शो हिच्या फर्मानात, आणि तेही दुष्काळाच्या संदर्भात: पाऊस दगा देत आहे, तेव्हा उशिराच्या भाताबरोबर कुट्टू, जव आणि गहू पेरून साठा करावा, असा तो हुकूम होता. राजसत्तेच्या लेखी मानाचे धान्य भात, आणि कुट्टू अडीनडीचे. ज्या तपस्व्यांनी पुढे ‘पंचधान्यत्याग’ हे व्रत घेतले त्यांनी हा क्रम धार्मिक अंगाने उलटा वापरला. पंचधान्यांची यादी ठिकठिकाणी बदलते, तरी भात, गहू-जव, राळे-वरीसारखी भरड धान्ये आणि सोयाबीनसारखे द्विदल ही तिच्यात सहसा असतात आणि कुट्टू सहसा नसतो. त्यामुळे डोंगरात फिरणाऱ्या साधकाला पाण्यात कालवलेले कुट्टूचे पीठ हा आधार उरला. क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे भिक्षू सात वर्षांत हजार दिवस डोंगरपरिक्रमेचे जे व्रत करतात, त्याच्याशी निगडित महाहोमाआधी शंभर दिवस धान्य आणि मीठ सोडण्याचा नियम आहे, आणि तेथेही कुट्टूचे पीठ चालते. दहा धान्यांच्या त्यागाची आणखी कडक प्रथा होती, आणि तिच्या काही याद्यांत मात्र कुट्टूलाही धान्य म्हणून बाहेर काढलेले दिसते. म्हणजे ‘चालते की नाही’ हा वाद तिथेही पुरता मिटलेला नव्हता. या साऱ्यामागे चीनमधली दाओ मताची एक जुनी समजूत आहे: माणसाच्या देहात तीन कृमी असतात, ते धान्यावर पोसतात आणि त्याचे आयुष्य कमी करतात, म्हणून दीर्घायुष्य हवे असणाऱ्याने धान्य टाळावे. जपानात दर साठ दिवसांनी येणाऱ्या एका रात्री, झोपेत हे कृमी निसटून स्वर्गात चहाडी करू नयेत म्हणून लोक जागरण करीत. धान्यात लपलेला पापपुरुष आणि धान्यावर पोसणारे कृमी, एकादशीचे जागरण आणि ती साठाव्या दिवसाची जागी रात्र, यांतले साम्य पाहून कोणी उसनवारीचा सिद्धान्त मांडायला धजावेल. परंतु शेतीवर उभ्या राहिलेल्या समाजांना आपल्या कोठाराचीच कधी कधी भीती वाटते, एवढे मानले तरी हे साम्य समजण्याजोगे होते.

कुट्टूच्या शेवया मात्र या तपाच्या मानाने बऱ्याच उशिराच्या. आधी पेज आणि उकडीसारखा गोळा, असेच त्याचे रूप होते. पीठ मळून, लाटून, घडी घालून सुरीने कापलेल्या शेवयांचा, म्हणजे ‘सोबा-किरी’चा, जुन्यात जुना उल्लेख १५७४ सालचा असून तो किसो खोऱ्यातल्या जोशो-जी या झेन मंदिराच्या दप्तरात, बांधकामाच्या दुरुस्तीवेळच्या खानपानाच्या नोंदीत सापडतो. पुढे त्या शेवया एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहराच्या गल्लीबोळांत पोचल्या, वर्षाच्या शेवटच्या रात्री त्या खाण्याची प्रथा पडली, आणि तिची कारणे नंतर जोडली गेली: लांब म्हणून दीर्घायुष्य, आणि चटकन तुटतात म्हणून सरत्या वर्षाच्या पीडेशी संबंध तुटावा. एकाच शेवईच्या लांबीतून आणि ठिसूळपणातून अशी परस्परविरुद्ध फळे काढलेली पाहून आपल्याकडच्या व्रतकथांच्या फलश्रुतीची आठवण होते.

हा ठिसूळपणा मात्र खरा आहे, आणि तत्त्वचर्चेला तो जमिनीवर आणतो. गव्हात जे चिकट द्रव्य असते ते कुट्टूत नाही, त्यामुळे निव्वळ कुट्टूचे पीठ पाण्यात भिजवून लाटायला घेतले की कडा फाटतात आणि गोळा भुसभुशीत होऊन सुटतो. जयपूरच्या स्वयंपाकघरात त्यात उकडून कुस्करलेला बटाटा किंवा अरवी, म्हणजे अळूचा कंद, मळतात, पुरी लाटण्यापेक्षा तेलाच्या हाताने थापतात, आणि सैंधव घालतात. जपानात काही ठिकाणी डोंगरी कंद किंवा समुद्रशेवाळ वापरतात, पण सर्वांत रूढ प्रमाण आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असेच आहे, आणि बाजारातल्या सुक्या सोब्याला, म्हणजे कुट्टूच्या शेवयांना, ते नाव मिळायला कुट्टू ३० टक्के असला तरी पुरतो. याचा अर्थ असा की हिएईच्या तपस्व्याला चालणारे पीठ शेवईच्या रूपात लोकप्रिय होताना गव्हाशी संगनमत करून बसले, आणि जगतपुऱ्यातल्या एकादशीच्या ताटात ती शेवई येऊ शकणार नाही. शिवाय तिच्या सोबतीचे सोयाबीन-गव्हाचे आंबवलेले पाणी आणि सुक्या माशाचा अर्क यांचा विचारही करायला नको. कुट्टूचे पीठ स्निग्धांशामुळे लवकर खवट होते, हीदेखील लक्षात घेण्यासारखी बाब आहे. सोबा करणारे शरदातल्या नव्या दाण्याचे ताजे दळण मिरवतात, तर उत्तर भारतात चैत्रातल्या नवरात्राचे उरलेले पीठ आश्विनात विकले जाते आणि विषबाधेच्या बातम्या छापून येतात. जे रोजचे नाही म्हणून व्रताला चालते, तेच रोजचे नाही म्हणून फळीवर पडून खराब होते.

याच्या अगदी उलट स्थिती भूतानच्या बुमथांग खोऱ्यात आहे, जिथे भाताला उंची मानवत नसल्याने कुट्टू हेच पिढ्यान्‌पिढ्या घर उभे ठेवणारे धान्य होते. तिथे पुता नावाच्या शेवया करण्यासाठी तरफेचा एक लाकडी साचा असतो, आपल्या सोऱ्याचाच मोठा, बसून दाबायचा अवतार. कुट्टूचा गोळा त्यात घालून माणूस दांड्यावर आपले वजन टाकतो आणि शेवया थेट खाली पडतात, त्यामुळे पीठ ठिसूळ असले तरी गव्हाची मदत लागत नाही. शुद्ध कुट्टूची अशी शेवई वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर जगतपुऱ्यातल्या एकादशीला पूर्णपणे निर्दोष ठरेल. पण बुमथांगच्या शेतकऱ्याने ती खाऊन आपण अन्न सोडले असे म्हटले, तर त्याच्या घरातलेच लोक हसतील.

नावात तप आणि ताटात चैन, असा जो पेच मराठी म्हणीने पकडला आहे, तो एदोतही उभा राहिला होता. असाकुसा भागातल्या शोओ-इन या सुखावती पंथाच्या मंदिराच्या आवारात दोको-आन नावाची एक लहान कुटी होती. शिनानो या कुट्टूच्या प्रांतातून आलेला तिथला भिक्षू पांढऱ्याशुभ्र शेवया करून त्या मुळ्याच्या तिखट रसाबरोबर वाढीत असे, आणि हळूहळू लोक बुद्धाचे दर्शन घ्यायला नव्हे तर शेवया खायला येऊ लागले. मुख्य मंदिराने अनेकदा समज दिली, आणि अखेर १७८६ साली दारात एक दगड उभा करून त्यावर कुट्टूच्या शेवयांना आत येण्यास मनाई असल्याचे कोरले. मंदिर पुढे टोकियोच्या पश्चिमेकडील करासुयामा येथे हलले आणि जाताना तो दगडही बरोबर घेऊन गेले. दोको-आनची कुटी राहिली नाही, पण तिच्या लौकिकामुळे शेवयांच्या दुकानांनी आपल्या नावाच्या शेवटी ‘आन’, म्हणजे पर्णकुटी, हा शब्द लावायला सुरुवात केली, आणि जपानातल्या पुष्कळ सोबा-दुकानांच्या पाटीवर तो आजही असतो.